वासुदेवजींचा हळू आवाज

आमच्या गल्लीत एखाद्याला एखादी बातमी अख्ख्या मोहाडी गावाला कळवायची असेल, तर त्यानं ती वासुदेवजींना गुपित म्हणून सांगावी. वासुदेवजी लगेच कोणाच्या तरी कानाशी जातील, तोंडाशी हात आडवा धरतील, "हळूच सांगतो जी, कोणाले सांगू नोका," म्हणतील, आणि समोरच्या ओसरीत तांदूळ निवडणारी बाई मान वर करून विचारील, "खरंच का जी?"

मागे एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी शेजारी बसलो होतो. वासुदेवजींनी पहिला घास घेतला, माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "हळूच सांगतो बाबूजी, भाजी कालची वाटते." अख्खी पंगत घास हातात धरून थांबली. मुलीचा बाप पार त्या टोकाकडून हात जोडत पळत आला, "नाही हो जी, सकाळीच चिरली, तुमच्या गळ्याची शपथ!" मी पानात तोंड खुपसून बसलो. वासुदेवजी मात्र खरोखर चकित झाले होते. "यायले कसं समजलं जी?" असं त्यांनी मला परत हळूच विचारलं.

माणूस वाईट नाही हो. धंदाच तसा आहे. वासुदेवजी धानाचे अडते. यार्डात धानाच्या ढिगावर उभं राहून लिलाव पुकारायचा. इकडे ट्रॅक्टर फटफटतोय, तिकडे हमाल ओरडतायत, आणि त्या सगळ्यावरून यांची हाक जायला पाहिजे. "एक बार! दो बार! तीन बार! सुटला!" तीस-पस्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा गळा घरी येऊन बारीक कसा व्हावा? बायकोकडे, म्हणजे मंदावहिनींकडे, पाणी मागतात तेव्हा शेजारी आमच्या घरी माझी बायको उठून उभी राहते.

अशा माणसाच्या पोटी प्रांजली जन्माला आली. गोड मुलगी, पण बोलते इतकी हळू की दुकानदार तिला तीनदा विचारतो. आणि गाते मात्र अशी, की मी आमच्या भजन मंडळात इतकी वर्षं पेटी बडवतोय, मला लाज वाटावी. भंडाऱ्याला कॉलेजात जाते, तिथेच एका बाईंकडे शास्त्रीय गाणं शिकते. त्या बाईंच्या शिष्यांचा वर्षातून एकदा जाहीर कार्यक्रम होतो. गेल्या वर्षी प्रांजली त्यात पहिल्यांदा गायला बसली.

आम्ही सगळे गेलो होतो. पोरीनं सुरुवात छान केली. जरा रंग चढला, एक सुरेख तान आली, आणि माझ्या उजव्या कानाजवळ फटाका फुटला. "वा रे माय वाघीण!!"

तबलजीचा हात थांबला. पुढच्या रांगेत एक तान्हं बाळ रडायला लागलं. प्रांजलीनं आमच्याकडे पाहिलं आणि तिला पुढचे शब्दच आठवेनात. बाईंनी मागून सांगितले, तिनं कसंबसं आटपलं आणि उठली. त्या दिवशी घरी तिनं आईला सांगितलं, "पुढच्या वर्षी बाबा येणार असतील तर मी बसणार नाही. मी गाणंच सोडून देईन."

हे मला वासुदेवजींनी दुसऱ्या दिवशी हळूच सांगितलं, म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं.

"मंग आता?" मी विचारलं.

"आता शिकीन ना जी. ऐकाले शिकीन. एक वर्ष आहे हाताशी. जिथं गाणं तिथं जाऊन बसू. कुठं वा म्हणाचं, किती जोरानं म्हणाचं, समदं पक्कं करतो. तुमाले सुराचं समजते. तुमी चला."

"मी कायले?" मी म्हटलं. पण आतून बायको म्हणाली, "जा ना जी. तुमची चिडचिड तरी घराबाहेर राहील." झालं. माझ्या निवृत्तीचं एक अख्खं वर्ष असं परस्पर वाटून टाकण्यात आलं.

सुरुवात एकोडीच्या मंडईपासून झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि भर दिवसा दंडार होते, नाचगाणं आणि सोंगं. माझी चूक अशी झाली की शिकवणीसाठी मी ही जागा निवडली. दंडारीत न ओरडणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात. वासुदेवजींनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून सोंगाड्या नाचता नाचता थांबला आणि यांच्या पाया पडून गेला. मंडळवाल्यांनी आम्हाला चहा पाजला, दुसऱ्या दिवशीच्या गावालाही या म्हणून आग्रह केला. "पाहा बाबूजी," वासुदेवजी परतताना म्हणाले, "झालं ना आपलं बरोबर?" मी कपाळाला हात लावला.

मग नाकाडोंगरीकडची भजन स्पर्धा. मी म्हटलं, तोंडात काही असलं की माणूस बोलत नाही, म्हणून त्यांना सुपारी दिली. पहिल्या अभंगातच ती घशात गेली आणि उचकी लागली. उचकी म्हणजे काय साधी उचकी? सभामंडपातली घंटा हलली असेल. मंडळी भली होती, कोणी काही बोललं नाही. पण मृदंगवाला बिचारा हळूहळू त्या उचकीच्या लयीत गेला, गाणारा त्याच्यामागे गेला, आणि अभंग अशा काही वेगानं संपला की परीक्षक एकमेकांकडे पाहत राहिले. त्या मंडळाचा नंबर गेला. आम्ही प्रसाद न घेताच निघालो.

पण खरी कमाल झाली ती भंडाऱ्याच्या सकाळच्या मैफलीत. म्हातारे गवई, हॉलमध्ये उदबत्तीचा वास, लोक मांडी घालून बसलेले. मी वासुदेवजींना बजावलं होतं की मी गुडघा दाबल्याशिवाय हूं की चूं करायचं नाही. अर्धा तास त्यांनी पाळलंही. मग राहवेना. झुकले आणि हळूच विचारलं, "आता वा म्हणू का जी?"

गवयांनी गाता गाता डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणा, म्हणा."

सगळा हॉल हसला. मला वाटलं, आता तरी हा माणूस धसका घेईल. छे! पुढे द्रुत बंदिश सुरू झाली आणि तबलजीनं तिहाई घेतली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याच्या शेवटी बरोबर समेवर येऊन पडायचं. वासुदेवजींनी पहिला तुकडा ऐकला, ताठ झाले. दुसरा ऐकला, गुडघ्यांवर उठले. माझ्या लक्षात आलं की आता काय होणार, मी त्यांचा सदरा धरला, पण यार्डातली सवय ती. तिसरा तुकडा येता येता हात वर गेला आणि हॉलमध्ये गर्जना झाली, "तीन बार! सुटला!"

जागेवर आली असती तरी एक वेळ चाललं असतं. तबलजीनं मुद्दाम थोडी जागा सोडली होती आणि यांची आरोळी त्या रिकाम्या जागेत पडली. तबलजी समेला चुकला. म्हातारे गवई इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी मात्र चपला शोधत बाहेर आलो आणि पायरीवर बसून राहिलो. मागून वासुदेवजी आले. "काय करू जी, तीन झाले का तोंडातून निघतेच," ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर त्यानं नाद सोडला असता. यांनी नाही सोडला. त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक तोंडात धरायचं आणि दाद आली की दातांनी दाबायचं. बासरीच्या कार्यक्रमाला ही युक्ती चालली. सतारीला चालली. एका देवळातल्या सुगम संगीताला तर शेजारच्या बाईनं मला विचारलं, "यायच्या दाढेले त्रास आहे का जी?" मंदावहिनी वैतागल्या. धुणं वाळत घालताना त्या माझ्या बायकोला म्हणायच्या, "समद्या दुपट्ट्याचे कोपरे खाऊन टाकले वं माय. लोकाले वाटते आमच्या घरी उंदीर झाले."

आणि हळूहळू एक गोष्ट झाली, ती मला तेव्हा कळली नाही. गाडीत बसल्यावर पूर्वी वासुदेवजी धानाचे भाव सांगत सुटायचे. आता ते मधूनच विचारायचे, "बाबूजी, त्या बाईनं शेवटी आवाज इतका बारीक केला, तरी मागपर्यंत ऐकू कसा आला जी?" मी माझ्या परीनं सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं काही ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

वर्ष फिरून आलं. प्रांजलीच्या कार्यक्रमाची तारीख लागली. घरात विषय कोणी काढावा? शेवटी मंदावहिनींनी काढला. "वर्षभर दुपट्टे चावून राहिले तुझे बाबा. एक खेप येऊ दे." प्रांजली गाण्याची वही चाळत बसली म्हणे. मग म्हणाली, "येऊ दे. पण मागे बसा म्हणावं."

रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून निघालो. मंदावहिनी आणि प्रांजली आधीच बसनं गेल्या होत्या. वरठीच्या पुढे वासुदेवजी एकदम म्हणाले, "बाबूजी, दाद गेली खड्ड्यात. मले दाद नाही द्याची."

"मंग वर्षभर कायले फिरवलं मले?" मी भडकलो.

"पोरगी मले भेते जी," ते म्हणाले. "लहानपणापासून. मी जेवाले बोलावलं तरी तिले वाटते मी रागावलो. अभ्यास कराले तुमच्या घरी येत होती ना, ते माह्यामुळे. मी तिच्यावर एकदाही रागावलो नाही. आईची शपथ. माहा आवाजच तसा. म्हटलं, मोठे मोठे गवई हळू गाऊन माणसाले रडवतात, त आपल्याले एक पोरीसंगं हळू बोलता नाही येत? तेच पाहाले जात होतो मी."

पोरगी आमच्याकडे अभ्यासाला यायची तेव्हा आम्हाला वाटायचं, आमच्याकडे पंखा चांगला आहे म्हणून येते.

हॉलमध्ये आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. प्रांजली येऊन बसली, तानपुरा लागला. तिनं नजर फिरवली, आम्ही दिसलो, आणि तिचे खांदे आखडलेले मला तिथूनही दिसले. मी स्वतः कधी पेटी घेऊन बसताना इतका घाबरलो नव्हतो. ती पहिला सूर लावेना. बाईंनी काहीतरी सांगितलं. हॉल वाट पाहत होता. मी वासुदेवजींकडे पाहिलं. दुपट्टा गळ्यात होता, तोंडात नव्हता. ते नुसते तिच्याकडे पाहत होते आणि अगदी सावकाश एकदा मान हलवली, हो म्हणतात तशी.

तिनं सूर लावला.

पुढचं काय सांगू? पोरगी गायली! आलाप झाले, ताना झाल्या, तिहाई आली तेव्हा माझाच श्वास अडकला. शेजारी दुपट्टा मुठीत आवळला गेला, पण आवाज नाही. टाळ्या पडल्या तेव्हासुद्धा या माणसानं हात मांडीखाली दाबून ठेवले होते, कारण यांची टाळीही काही साधी नाही. डोळ्यांतून पाणी मात्र खुशाल वाहत होतं. मी इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं. सुटलो बाप्पा, एकदाचे सुटलो!

बाहेर चहाच्या टेबलाशी आम्ही उभे होतो. प्रांजली आली. थोडी लांबच थांबली आणि विचारलं, "बाबा, कसं झालं?"

वासुदेवजी वाकले आणि काहीतरी बोलले. मी हातभर अंतरावर उभा होतो, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिलाही आलं नसावं, कारण ती म्हणाली, "काय म्हणालात, बाबा?" आणि एक पाऊल पुढे आली. ते परत तितकंच हळू बोलले. ती आणखी जवळ आली, त्यांच्या खांद्याशी कान नेला, ऐकलं आणि मग तिनं तिथेच त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं. मंदावहिनी चहाचा कप घेऊन उगाच दुसरीकडे पाहत राहिल्या.

चौघंही गाडीतून परत येताना मला राहवेना. गल्लीतल्या प्रत्येक घराचं गुपित मला या माणसाच्या तोंडून फुकटात कळलेलं, मग हेच एक काहून गुपित राहावं? मी विचारलं, "काय सांगितलं जी तिले?"

"ते नाही सांगत बाबूजी," वासुदेवजी म्हणाले, "ते आमचं बापलेकीचं आहे."

हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारून जाणारा सायकलवाला दचकून रस्त्याच्या कडेला उतरला. मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर प्रांजली झोपली होती. ती जागी झाली, हसली आणि परत झोपून गेली.