दाजीचा न विझणारा कंदील

दाजी शिरगावकराकडे वात मागितली तर वात मिळायची, पण आधी गोष्ट ऐकावी लागायची. पालीचा एक माणूस असाच वातीसाठी आला. सर्व्हिस मोटार सुटायला अजून वेळ आहे, अशी त्याची समजूत होती. मोटारीने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, शेवटी ती धुरळा उडवत निघून गेली, आणि हा दाजीच्या बाकावर बसून विचारतोय, "मग? पुढे?" त्या दिवशी तो रत्नागिरीतच मुक्कामाला राहिला. वातीबरोबर अख्खा कंदील घेऊन गेला. मी त्याला म्हटलं, "मोटार चुकली ना?" तर मलाच म्हणतो, "मोटार काय, उद्याही मिळेल."

हे सगळं मी बघायचो, कारण माझं दुकान दाजीच्या बरोबर समोर होतं आणि मीही कंदीलच विकायचो. गावात अजून वीज यायची होती. घासलेटाचा डबा डोक्यावर घेऊन मी दारोदार फिरलो, तेव्हा कुठे मला चार फळ्यांचं दुकान झालं. माझा धंदा सरळ. कंदील पेटवायचा, वाऱ्यात धरायचा, गदागदा हलवायचा आणि म्हणायचं, "बघ. घ्यायचा तर घे, नाहीतर पायरीवरून ऊठ." दाजीचा कंदील तोच. मुंबईच्या त्याच व्यापाऱ्याकडून, त्याच बोटीने, माझ्या खोक्याला खोकं लावून आलेला. पण दाजी कंदिलाचं नावच काढायचा नाही. "माल मागाहून बघा हो," म्हणायचा, "आधी झालं काय ते ऐका."

आणि झालेलं असायचं ते नेहमी त्याच्या बायकोमुळे. "आमची ही" म्हणजे दाजीच्या प्रत्येक गोष्टीतली राक्षसीण. दाजी हौसेने काही घरी न्यायचा आणि ही दारातच म्हणायची, "हे भंगार आत आणाल तर तुम्हीही बाहेर." मग दाजी गयावया करणार, ही ऐकणार नाही. आता ही कंदील फेकून देणार, इतक्यात दाजी थांबायचा आणि धोतराच्या सोग्याने काच पुसत बसायचा. गिऱ्हाईक तळमळायचं.

एकदा त्याला मी विचारलं, "बायकोची एवढी अब्रू काढतोस, लाज नाही वाटत?"

"बाळशेट, गोष्टीत कुणीतरी आडवं यायला लागतं," तो म्हणाला. "कंदील चांगला आहे म्हटलं की गिऱ्हाईक जांभई देतं. आमची ही नको म्हणाली, असं म्हटलं की कान टवकारतं. त्याच्याही घरी एक बसलेलीच असते ना नको म्हणायला."

हे मला पटलं, म्हणून तर जास्त राग आला. मीही एकदा गोष्ट सांगून पाहिली. "एक माणूस होता. त्याने माझ्याकडून कंदील घेतला. तो सुखी झाला."

गिऱ्हाईक म्हणालं, "मग?"

"मग काय? घे कंदील."

ते उठून समोर गेलं.

आमची रोज भांडणं व्हायची. तो त्याच्या पायरीवर, मी माझ्या, मधून बैलगाड्या. पण खरा घाव त्याने घातला तो एका श्रावणात. जयगडचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, होड्या पुन्हा पाण्यात उतरायच्या आधी आपल्या वाडीतल्या सगळ्या होड्यांसाठी कंदील न्यायला आला. त्याला मी वळवून ठेवला होता. भाव ठरला होता. काचा फुटू नयेत म्हणून पेंढा आणायला मी मागल्या दारी गेलो, एवढंच.

परत येतो तर तांडेल दाजीच्या बाकावर, तोंडात सुपारी.

"मी आणि आमची ही तुमच्याच खाडीतून येत होतो," दाजी सांगत होता. "असा वारा सुटला, तांडेल, की होडी म्हणते मी उलटते. हिच्या हातात हा कंदील. मला म्हणाली, 'तुम्ही आणलेला आहे ना? विझणार बघा. विझला तर जन्मात तुमच्याशी बोलायची नाही.'" आणि लागला काच पुसायला.

"विझला काय ओ?" तांडेल म्हणाला.

"मी हात जोडले. म्हटलं, देवा, एवढं ऐक. विझू दे."

तांडेल सुपारीसकट पुढे वाकला.

"पण मेला विझेचना हो. घरी येईस्तोवर ही बोलत होती."

तांडेल डोळ्यांतून पाणी येईतो हसला. सगळा माल त्याने तिथेच घेतला. आणि जाता जाता वर मलाच म्हणाला, "राग मानू नका शेट. आठवड्यान् खाडीवरले बाकीचे तांडेल येतील, त्यांना तुमच्याकडे धाडतो." म्हणजे ते दाजीची गोष्ट ऐकायला येणार, हे मला तेव्हाच कळलं.

मी दाजीशी बोलणं टाकलं. त्याने दोन-तीनदा पायरीवर येऊन खाकरून पाहिलं, मी पाठ फिरवली. मनात मात्र बेत शिजत होता. ते तांडेल यायच्या आत दाजीच्या बायकोला जाऊन सांगायचं, नवरा भर बाजारात काय बोलतो ते. ती राक्षसीण त्याचं तोंड कायमचं बंद करील. म्हणून एक दिवस दाजी दुकानात असताना मी मांडवीला त्याच्या घरी गेलो.

पडवीत शेजारची म्हातारी लसूण सोलत होती. मी ओरडलो, "आहे का कुणी घरात?"

आतून हसणं ऐकू आलं. "बाळभावजी ना? या. ह्यांनी हुबेहूब असाच आवाज काढून दाखवला होता."

ओटीवर खिडकीशी खाट होती. खाटेवर मूठभर बाई. पाय संधिवाताने आखडलेले. उंबरा ओलांडून किती वर्षं झाली, ते म्हातारीलाही आठवेना.

"पावसचे भटजी घासाघीस करतात म्हणून तुम्ही त्यांना हाकललंत," ती म्हणाली, "आणि त्यांची छत्री राहिली म्हणून उन्हातून त्यांच्यामागे धावलात. शिव्या देत. खरं ना?"

"छत्री फाटकी होती," मी म्हटलं.

ती पदर तोंडाला लावून हसली. "हे जेवायला बसले की रोज तुमचंच. मला बाजार म्हणजे तुम्हीच. पण गेले काही दिवस नुसते जेवतात. काल म्हणाले, बाळशेट बोलत नाहीत, सांगू काय? तुम्हाला बरं नाही का, भावजी?"

तोंडाशी आणलेली तक्रार मी गिळली. तीच म्हणाली, "आणि माझं काही सांगतात का हो तिकडे?"

"तुमचं नाव घेतल्याशिवाय त्याची वातही खपत नाही."

"काय सांगतात?"

"तुम्ही फार कडक आहात म्हणून."

"मी?" ती हाताच्या आधाराने जराशी ताठ बसली. "लोकांना खरं वाटतं?"

"अख्खा बाजार घाबरतो तुम्हाला."

तिने म्हातारीकडे पाहिलं. "ऐकलंत ना, आत्या?" आणि मला चहा दिल्याशिवाय सोडू नका, असं तिला जरबेने बजावलं.

दुसऱ्या दिवशी खाडीवरले तांडेल आले. पाऊस उघडला होता. ते माझ्या पायरीपर्यंत पोचतात न पोचतात, तोच मी त्यांच्या डोक्यांवरून ओरडलो, "दाजी, तुझ्या दुकानाच्या पाटीची सावली माझ्या पायरीवर पडते. काढ ती."

दाजी काच पुसता पुसता थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश उठून पायरीवर आला.

"पाटी काढतो, बाळशेट. सूर्याला काय सांगू?"

"सूर्याला मी बघून घेतो. तू पाटी काढ."

मी त्याचं घराणं काढलं, त्याने माझा घासलेटाचा डबा काढला. तांडेल हसून हसून दमले आणि बसायला म्हणून दाजीच्या बाकावर गेले. बसले ते माल घेऊनच उठले. तो माल माझा होता, असं मी आजही म्हणतो. पण त्या दिवशी मी घसा बसेपर्यंत भांडलो.

दुपारी दाजी दुकान बंद करून जेवायला निघाला. मी फळीआडून पाहिलं. हातवारे करत, मध्येच थांबत, माझी वाक्यं स्वतःशी म्हणून बघत तो मांडवीकडे भराभर चालला होता.