उतार वाढविल्याची हकीकत

श्रीगिरिजापती साक्ष आहे. शके सोळाशे बारा, प्रमोदनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी एका उंच राज्यात जे वर्तमान वर्तले ते लिहितो. त्या राज्यात कार्तिकापासोन बर्फ पडे, आणि इतर मुलखी फाल्गुनात त्याचे पाणी होई, येथे मात्र ज्येष्ठ लागला तरी हालत नसे. म्हणोन देशोदेशींचे शौकीन येऊन पायी लांब फळ्या बांधोन उतारावरून घसरत, आणि महाराजांस आपल्या लांबलचक हंगामाचा मोठा अभिमान. उतारावर अधिकारी निंबाजी नाईक. तो बर्फास कान लावी, आणि आत पाणी वाहते ऐसे त्याने सांगितले की हंगाम संपे. परंतु 'बंद' हा शब्द उच्चारावयाची चाल नव्हती. डोंगराने ऐकिला तर पुढले साली बर्फ देणार नाही, हे भय. वाणी जैसे दुकान मिटताना 'वाढविले' म्हणतो, तैसा नाईक उतार वाढवीत असे.

शुद्ध अष्टमीस नाईकाने कान लाविला, तो आत पाणी खळखळते. मग त्याने दरबारी चिठी धाडिली, "उतार आजच वाढवावा." चिठी नव्या चिटणीसांचे हाती पडली. ही स्वारी महाराजांची मर्जी राखावयास टपलेली, त्यांनी अर्ज केला, "महाराज, हंगाम लांबवावा ऐसे खुद्द नाईक म्हणतो." महाराज बहुत संतोष पावले, आणि आणखी पंधरा दिवसांची दवंडी पिटविली. ईश्वर चिटणीसांस क्षमा करो. आमच्याने होत नाही.

दुसरे दिवशी नाईक पायथ्याशी निशाणे काढीत होता, त्यास दवंडीची खबर नाही. त्याची लेक चिमाई वाटाडी होती. आबांनीच बर्फ पारखिले असेल ऐसे समजोन ती बारा शौकिनांस घेऊन वर गेली. नाईकाने मान वर केली, तो ती सर्व उतारावर दिसली. सवयीने मुखी तोच शब्द आला, "चिमे, उतार वाढव!" ते ऐकोन शौकीन खूश होऊन खाली निघाले. चिमाईस मात्र अर्थ कळला. ती झपाट्याने पुढे जाऊन आडवी उभी राहिली, "अहो, मागे फिरा, खडकावर चढा!" आणि ते हसू लागले. मग नाईकाने सारा प्राण कंठी आणोन हाक मारिली, "बंद! बंद!" तो उघडा शब्द ऐकोन शौकीन दचकले आणि मागल्या खडकावर चढले. चिमाई सर्वांचे खाली होती, आणि उताराचे बर्फ सुटले. पुढे लिहावयास हात उचलत नाही.

महाराज उघड्या मस्तकी नाईकाचे दारी आले आणि म्हणाले, "नाईक, आमचे हौसेने तुमची लेक नेली." मग चिटणीस दप्तरी नोंद करावयास बसले आणि 'चिमाईस देवाज्ञा जाहली' ऐसे लिहू लागले, तो नाईकाने त्यांचा हात धरिला. म्हणाला, "देवाने आज्ञा केली नव्हती. मेली ऐसे लिहा." चिटणीसांनी रडत रडत तैसेच लिहिले.

ऐसी हकीकत. बारा असामी वाचली. चिमाई मेली.