फोन कट झाल्यावरचं बोलणं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बोईसरला दिलेल्या पोरीला, सुनीला फोन. मुरब्याला आमच्या आळीत रेंज नाही. बंदराच्या कठड्यावर चढलं की येते. जानकी वर चढली, मी खालून तिचं लुगडं धरून उभा. पडली तर दोघंही पडू, एवढाच माझा उपयोग.

आजूबाजूला अर्धं गाव मोबाइल वर करून उभं. जानकीनं जन्मभर बाजारात ओरडून मासळी विकली. फोनवरही तेच.

"सुने, सोडे धाडलेत! मीठ जास्त हाय, धुऊन घे!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, फोन खाली ठेवा. बोईसरला असाच आवाज जाईल."

"तुजा तुज्या घरात तरी जातो काय रे?" हिनं वरूनच सुनावलं.

फोन नेहमीसारखा मधेच कट झाला. दुसरं कुणी असतं तर शिव्या घालून उतरलं असतं. ही मेलेला फोन कानाला तसाच धरून बोलत राहायची, पण हळू. हिला हळू बोलता येतं, हे मला त्या कठड्यापाशीच कळलं.

लोक म्हणायचे, म्हातारीला मशीन समजत नाही. मलाही तसंच वाटायचं. पण ही बोलते काय, हा किडा डोक्यातून जाईना. मागे एकदा बिडी पडल्याचं निमित्त करून जवळ सरकलो होतो.

"सुने, पाय लय सुजतात गो. एकदा ये. दोन दिस र्‍हा माज्याजवळ."

मी उडालोच. "अगो, हे लागलेल्या फोनात सांग ना! आता कोन आयकते?"

"म्हनून तर आता बोलते."

"म्हंजे?"

"लागलेल्या फोनात बोलले तर ती येल. मंग तिची सासू कोन बघल? ती बाय अंथरुनात हाय. तुमी जाल काय तिची पाठ पुसायला?"

अशा बाईशी भांडायचं कसं, ते मला कधी जमलं नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळीही कट झालेल्या फोनात म्हणाली, "सुने, ये गो लवकर." मग माझ्या खांद्यावर हात टेकून उतरली. "चला, झालं बोलून."

रात्री झोपेतच गेली.

सकाळी भावजय म्हणाली, "सुनीला फोन लावा."

"नाय," मी म्हटलं. फोनवर अर्धी पोचली, अर्धी राहिली, अशी सांगायची ही गोष्ट नव्हे. बाया जानकीजवळ बसल्या. मी रिक्षा करून बोईसर गाठलं.

सुनीनं दार उघडलं. हातात सासूच्या पेजेची वाटी.

"बाबा? एवढ्या सकाळी? फोन तरी करायचा!"

"आयेनं बोलावलंय तुला," मी म्हटलं. "लवकर ये म्हनाली."

पहिलं ते सांगितलं. बाकीचं मग.