तेवीस रेघा

साहेब, हे पाप तुमचं आहे! ‘जुनी होडी नवी करा’ ही पुस्तिका तुमच्याच खात्याने छापली ना? पान तेरा, ठळक अक्षरांत: ‘एकही ओरखडा उरता कामा नये.’ आमच्या जावईबापूंनी नाही उरू दिला. घ्या!

सासऱ्यांची लाकडी होडी कित्येक वर्षं जावईबापूंच्या गॅरेजमध्ये पालथी पडून होती. “पुढच्या आठवड्यातल्या रविवारी बाबांची पंच्याहत्तरी. त्यांना कळू न देता अशी चकाचक करतो की सुतारांनी तोंडात बोटं घालावीत!” असं बायकोला ठणकावून जावईबापूंनी पॉलिश पेपर उचलला. आठ दिवस नुसती घासाघास! भुकटीने भुवया पांढऱ्या, आणि शिंका अशा की शेजारचं कुत्रं उलट भुंकायचं!

नवव्या दिवशी बायको चहा घेऊन आली आणि होडीत वाकली.

“अहो, इथल्या रेघा कुठे गेल्या?”

“ते ओरखडे? साफ!”

“ओरखडे? आईच्या होत्या त्या! दोघं फेरी मारून आली की ती खिळ्याने एक रेघ ओढायची!”

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. जावईबापू मटकन बसले, तेही ओल्या वॉर्निशच्या फळीवर.

“किती होत्या गं?”

“मी काय मोजत बसले होते?”

मग फोन. “बाबा, सहज विचारतो. होडीत रेघा किती होत्या हो?”

“तेवीस. का?”

“सहजच!”

असलं कोणी सहज विचारतं का? तासाभरात सासरे दारात! तोवर जावईबापूंनी खिळ्याने तेवीस रेघा ओढून, जुन्या दिसाव्यात म्हणून वर गार चहा चोळला होता.

सासऱ्यांनी चष्मा काढला. रेघांवरून बोट फिरवलं.

“बरोब्बर तेवीस.”

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला.

“पण ती डावखुरी होती, जावईबापू. तिच्या रेघा उलट्या बाजूला कलायच्या.”

जीव भांड्यातून बाहेर!

“बाबा, मी...”

“तो पॉलिश पेपर द्या इकडे.”

दोन शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं! नाही. म्हाताऱ्या माणसाने गुडघे टेकले आणि तेवीसच्या तेवीस खोट्या रेघा स्वतःच्या हाताने घासून काढल्या. जावईबापू रिकामा कप धरून खांबासारखे उभे.

“झाली गुळगुळीत,” सासरे म्हणाले आणि चष्मा विसरून निघून गेले.

आता लपवून काय उपयोग? जावईबापू म्हणजे मीच. आज विजार भिजत घातली, तर मागे चिकटलेलं एक पान सुटून आलं. पहिल्याच दिवशी मी हात पुसायला फाडलेलं पान अकरा! तळाशी लिहिलंय: ‘घासण्याआधी मालकाला विचारा.’

पण साहेब, ओरखडा ठळक अक्षरांत आणि मालक मुंगीएवढ्या अक्षरांत, असं का? रविवारच्या आत उत्तर द्या! चष्मा परत करायला मलाच जायचंय.