शालिग्रामचा मित्र

"कोणाला काही विचारायचंय?" डॉक्टर तडवींनी पुन्हा विचारलं, आणि केळी सोसायटीच्या शेडमध्ये बसलेले असोद्याचे सगळे पुरुष पुन्हा छताच्या पत्र्यांकडे बघू लागले.

त्र्याण्णव साल होतं. असोद्याची केळी ट्रकने दिल्लीपर्यंत जायची, तेव्हा ड्रायव्हर, हमाल आणि गावकरी यांना गुप्तरोगांची माहिती द्यावी, असं जिल्ह्याच्या ठिकाणी कोणीतरी ठरवलं होतं. डॉक्टर हारुन तडवी भला माणूस. त्यांनी आजार कसे होतात, कसे टाळता येतात, हे चित्रं दाखवून नीट सांगितलं. चित्रं चालू होती तोवर कोणाची पापणी लवली नाही. पण शंका विचारा म्हटल्याबरोबर सगळ्यांना पत्रे मोजायची आठवण झाली.

हे असंच होणार, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सोसायटीचा क्लार्क शालिग्राम याला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, की कोणी उठलं नाही तर तू ऊठ आणि काहीतरी विचार. स्वतःचं म्हणू नकोस, एका मित्राचं म्हण. पहिला प्रश्न निघाला की बाकीचे आपोआप निघतात.

दुसरा कोणी असता तर दोन शब्दांत काम उरकून खाली बसला असता. पण शालिग्रामला अर्धवट काम आवडायचं नाही. त्याने डॉक्टरांचं माहितीपत्रक वाचून काढलं होतं, आणि त्यातून एक प्रश्न मन लावून तयार केला होता. तो उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "माझा एक मित्र आहे. त्याला लघवीला जळजळ व्हायची, पू यायचा. त्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून बंद केल्या. आता पुन्हा तोच त्रास सुरू झालाय. सांगू कोणाला, या विचाराने बिचारा आतल्या आत झुरतोय. असं का झालं असेल?"

'झुरतोय' म्हणताना त्याचा आवाज जरा कापला. ते पत्रकात नव्हतं, त्याने मनाने घातलं होतं.

डॉक्टरांना अगदी भरून आलं. त्यांनी समजावून सांगितलं, की एक तर औषध मध्येच सोडलं, त्यामुळे आजार मुळातून गेला नाही. दुसरं म्हणजे त्या मित्राच्या बायकोने औषध घेतलं नसेल. बाईला पुष्कळदा काही त्रासच जाणवत नाही, पण आजार तिच्याकडेही असतो, आणि मग तो एकाकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालत राहतो. म्हणून दोघांनी एकदमच डॉक्टरांना दाखवायचं, औषध पुरं करायचं आणि तोवर लांब राहायचं. एरवी जिथे धोका वाटेल तिथे निरोध वापरायचा. आणि अंगावर काढायचं तर मुळीच नाही, कारण अशा आजारात एड्सची लागण लवकर होते.

त्यानंतर मात्र बांध फुटावा तसे प्रश्न आले. डास चावून होतं का? एका ग्लासने पाणी प्यालं तर? म्हाताऱ्या भाईदास आबांना तर फार दिवसांची शंका होती, की एसटीत दुसऱ्याने बसून गरम केलेल्या सीटवर आपण बसलो तर काय? डॉक्टर नाही, नाही म्हणत गेले. न्हाव्याच्या ब्लेडचं विचारल्यावर तेवढं म्हणाले, की ब्लेड दरवेळी नवंच पाहिजे. सभा फार छान झाली. जाताना डॉक्टरांनी शालिग्रामची पाठ थोपटली.

गावाच्या सगळ्या शंका फिटल्या होत्या, एक सोडून. तो मित्र कोण?

शालिग्रामला मित्र एकच. झुलाल. शाळेपासून दोघं एका बाकावर बसले, आता एका मोटारसायकलवर बसत. गावाला फार विचार करावा लागला नाही. संध्याकाळी झुलाल तणतणत आला तेव्हा शालिग्राम जेवायला बसत होता.

"तुहं काय घोडं मारलं रे मी?" झुलाल म्हणाला. "बायको बोलत नही, भाकर देत नही. माही खाट वसरीत काढून टाकली तिनं. म्हने, तुमच्या दोस्ताले समदं ठावं, आन मलेच ठावं नही."

शालिग्राम तसाच उठला. पारावर चार माणसं बसली होती, त्यांच्यापुढे त्याने स्वच्छ सांगितलं, की तो मित्र म्हणजे झुलाल नव्हे. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना ते लगेच पटलं. एवढं चटकन पटलं तेव्हाच खरं तर त्याने सावध व्हायला हवं होतं. कारण झुलाल नाही, आणि झुलालशिवाय शालिग्रामला मित्र नाही, तर मग राहिलं कोण? मित्राच्या अंगावर आलेलं स्वतःवर घेतलं, मोठ्या मनाचा माणूस आहे, असं पारावर त्याचं कौतुकही झालं. आणि न्हावी त्याच्यासाठी वेगळा वस्तरा ठेवू लागला.

शालिग्रामने हेही हसण्यावारी नेलं असतं. पण त्याचं लग्न ठरलं होतं. धुळ्याला देवपुरात भटू नानांचा ट्रक बुकिंगचा धंदा होता. त्यांची मुलगी कुंदा. बघायला गेला तेव्हा तिने मान वर करून त्याला विचारलं होतं, की केळी दिल्लीला पोचेपर्यंत कच्ची कशी राहतात? आजवर पाहिलेल्या एकाही मुलीने त्याला काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून त्याच्या मनात ती एकच होती. साखरपुडा जवळ आला होता, आणि सभेला बसलेले निम्मे ड्रायव्हर नानांच्याच ट्रकवरचे होते. बातमी देवपुरात पोचायला कोणाला पोस्टात जावं लागणार नव्हतं.

त्याच्या आईने, सुमनबाईने, त्याला चुलीपाशी बसवून घेतलं. "मायजवळ तरी खरं बोल. काय झालं तुले?"

काहीच झालेलं नाही, मित्रही कोणी नाही, डॉक्टरांनी विचारायला सांगितलं म्हणून विचारलं, असं त्याने शपथेवर सांगितलं. सुमनबाईने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मंग तेच त्या डाक्टरले गावात येऊन सांगाले लाव."

शालिग्राम दुसऱ्याच दिवशी जळगावला दवाखान्यात गेला. डॉक्टर तडवींनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना वाईटही वाटलं, पण त्यांनी मान हलवली ती आडवी.

"मी कोणाबद्दलच काही सांगत नाही," ते म्हणाले. "आज तुला काही नाही म्हणून मी सांगितलं, तर उद्या गाव झुलालचं विचारेल, परवा आणखी कोणाचं. ज्याच्याबद्दल मी गप्प बसेन त्याच्यावर शिक्का बसेल. मग माझ्याकडे येईल कोण?"

निदान काही नाही असा एक कागद तरी द्या, असं तो अजीजीने म्हणाला. तपासणी अवश्य कर, लग्नाआधी केलेली चांगलीच, पण गावाला दाखवायला मी कागद देणार नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याला रक्त द्यायला रांगेत उभं केलं. रांगेत त्याच्या पुढेच भाईदास आबा होते.

"गुडघा दाखवाले आल्तो," आबा घाईघाईने म्हणाले आणि गुडघा चोळू लागले.

सूर्य मावळायच्या आत सगळ्या असोद्याला कळलं, की शालिग्रामला गुप्तरोगाच्या रांगेत खुद्द आबांनी पाहिलं. त्या रांगेत आबांचा गुडघा काय करत होता, हे मात्र कोणाच्याही मनात आलं नाही.

शालिग्रामच्या रक्तात काहीच निघालं नाही. पण ते सांगणार कोणाला? आणि मग एका सकाळी, केळी भरायला आलेल्या ट्रकच्या केबिनमधून भटू नाना उतरले.

सगळं गाव कामं टाकून दारात उभं राहिलं. नाना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते, चेहरा गंभीर. सुमनबाईने चहा ठेवला तर, चहा राहू द्या, म्हणाले. होणारे व्याही चहा नाकारतात याचा अर्थ काय, हे सुमनबाईला कोणी सांगायला नको होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"चला, जरा तुमची केळी बघू," नाना शालिग्रामला म्हणाले.

दोघं केळीच्या बागेत आत आत गेले. रस्ता दिसेनासा झाला तेव्हा नाना थांबले. शालिग्रामने वाटभर वाक्य जुळवलं होतं, ते त्याने बोलून टाकलं. "नाना, तुमच्या कानावर आलं असेल. पण खरं सांगू का, मित्र वगैरे कोणी नव्हताच. ते डॉक्टरांनी मला..."

"थांबा," नाना एकदम म्हणाले. "मित्र नव्हता असं म्हणू नका. तो आहे, म्हणून तर मी आलो."

नाना कोरड्या पानाची शीर सोलू लागले. धंद्यामुळे ते नेहमी छापील मराठी बोलत. आरोग्याबद्दल, हवामानाबद्दल, दिल्लीच्या थंडीबद्दल ते तसंच बराच वेळ बोलले. मग त्यांचा आवाज खाली आला आणि भाषा आपोआप घरच्या अहिराणीत परतली.

"मना बी एक दोस्त शे," नाना म्हणाले. "तेनी बी गोया मधमाच सोडी दिन्ह्यात. आते परत तेच व्हस. तुमना दोस्तले डाक्टरनी काय सांगं?"

नाना वर बघत नव्हते. त्या क्षणी शालिग्राम साखरपुडा, गाव, न्हाव्याचा वस्तरा, सगळं विसरला. समोरच्या माणसाची त्याला फार दया आली. त्याने डॉक्टरांचं सगळं बोलणं सावकाश सांगितलं. दुकानदाराच्या गोळ्या नकोत, डॉक्टरलाच दाखवायचं. बरं वाटलं तरी औषध पुरं करायचं. आणि मित्राच्या बायकोनेही त्याच वेळी घ्यायचं, नाहीतर सगळं पाण्यात.

"बायकोले काय सांगो तेनी?" नानांनी विचारलं.

हे काही पत्रकात नव्हतं. शालिग्राम म्हणाला, "खरं सांगावं. ती रागावेल. पण तिला न सांगता तिचा आजार कसा बरा होणार?"

नानांनी सोललेली शीर खाली टाकली. मग त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि ते पुन्हा छापील मराठीत आले. "साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल. जो माणूस मित्रासाठी भर सभेत उभा राहतो आणि गाव बोललं तरी त्याचं नाव सांगत नाही, त्याला मुलगी द्यायची नाही तर कोणाला द्यायची?"

यावर खरं बोलायचा शालिग्रामला धीर झाला नाही. घरी परत आल्यावर नानांनी स्वतः होऊन चहा मागितला, आणि दोनदा घेतला. गाव चक्रावून गेलं. पण नानांसारख्या माणसाला चालतं म्हटल्यावर आपल्याला न चालून कसं चालेल? त्यानंतर सोसायटीत शालिग्रामच्या टेबलाशी एकेक जण येऊन केळीचा भाव विचारू लागला, आणि जाता जाता त्याला आपला एखादा मित्र आठवू लागला. डॉक्टरांनी निरोधचा एक खोका पाठवला होता, तो शालिग्रामने वजनकाट्यामागच्या खिडकीत ठेवला. त्यातून घेताना कधी कोणी दिसलं नाही, पण तो रिकामा मात्र व्हायचा. झुलालची खाटसुद्धा आत गेली.

साखरपुड्याला पंगतीत वाढताना नानांच्या पत्नी मंदाबाई शालिग्रामपाशी वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांचा तो मित्र आहे ना, बरा झाला. त्याची बायकोही बरी आहे. तिने त्याला काय काय सुनावलं, ते मात्र विचारू नका." समोरच्या पाटावर नाना खाली मान घालून जेवत होते. त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही.

लग्नानंतर काही महिन्यांनी नानांनी डॉक्टर तडवींचाच कार्यक्रम देवपुरात ठेवला, आपल्या गोदामात. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, झाडून सगळे आले होते. नानांनी जावयालाही बोलावलं होतं, त्याच्यासोबत झुलालही आला होता. चित्रं संपली. डॉक्टरांनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय? सगळे गोदामाच्या छताकडे बघू लागले. डॉक्टरांची नजर हळूच शालिग्रामकडे वळली. शालिग्रामने हात जोडून मान हलवली. एकदा भोगलं तेवढं त्याला पुरे होतं.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून नाना उठले. सगळं गोदाम त्यांच्याकडे बघू लागलं. नानांनी घसा खाकरला, आवाज थोडा कापला, आणि ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या जावयाचा एक मित्र आहे."

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. झुलालने आपली खुर्ची उचलली आणि हातभर लांब नेऊन ठेवली. शालिग्रामने नानांकडे पाहिलं. नाना वर बघत नव्हते, अगदी केळीच्या बागेत उभे होते तसे.

शालिग्राम सावकाश उभा राहिला.

"हो, आहे," तो म्हणाला. "विचारा नाना. त्याचं सगळं मला माहीत आहे."