टेन्शन नसल्याचा अहवाल

माणसाला नुसता त्रास असून भागत नाही. त्या त्रासाला कार्यालयात चालेल असे नाव असावे लागते. पूर्वीच्या लोकांकडे काळजी, घोर, धास्ती, विवंचना असे बरेच शब्द होते, पण त्यांत एक मोठी गैरसोय होती. ‘काळजी वाटते’ म्हटले की ऐकणारा ‘कसली?’ म्हणून विचारायचा, आणि मग ते सांगत बसावे लागे. ‘टेन्शन’ या शब्दाने ती भानगड मिटवली. टेन्शन आहे म्हटल्यावर कोणी पुढे काही विचारत नाही. शिवाय त्याचे व्याकरणही सोयीचे आहे. टेन्शन आपण बहुधा ‘घेतो’. म्हणजे दोष घेणाऱ्याचा. देणारा वाक्यात येतच नाही.

या सोयीचा उत्तम वापर आमचे साहेब करत. आमचे कार्यालय जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवते आणि मी तिथे हेडक्लार्क आहे. दाखले लिहायची तीन टेबले. त्यांपैकी दोन टेबलांवरची माणसे निवृत्त झाली आणि टेबले तेवढी सेवेत राहिली. तिसऱ्या टेबलावर बाई होत्या. तिन्ही टेबलांचे काम त्याच करत. साहेब येताजाता त्यांच्यापाशी थांबत आणि म्हणत, “बाई, टेन्शन घेऊ नका.” पाच वाजता शेवटचे एकदा म्हणून घरी जात. एका महिन्यात हे वाक्य त्यांनी चौसष्ट वेळा उच्चारल्याची माझी मोजदाद आहे (शनिवार धरून). कर्मचाऱ्यांकडे एवढे लक्ष देणारा अधिकारी आजकाल मिळत नाही.

तरीही एका मंगळवारी बाईंच्या हातून चूक झाली. एक गृहस्थ आईच्या मृत्यूचा दाखला न्यायला आले होते. बाईंनी अर्जदाराच्या जागी आई लिहिली आणि मयताच्या जागी गृहस्थ. ते दाखला घेऊन दारापर्यंत गेले, तिथे त्यांनी तो वाचला, आणि परत आले.

“ताई, यात मी गेलोय,” ते म्हणाले.

बाईंनी कागद हातात घेतला. “माफ करा हो. आधीच तुमची आई गेलेली, आणि त्यात मी हे असं...”

“चालायचंच. शिक्का मात्र छान उमटलाय.”

(उमटलाच होता. म्हणून तर पंचाईत. नोंदवहीत एकदा गेलेल्या माणसाला वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीशिवाय परत आणता येत नाही.)

चौकशी झाली. निष्कर्ष एका शब्दाचा निघाला: टेन्शन. वरून आदेश आला की कार्यालयातील टेन्शन पंधरा दिवसांत तज्ज्ञामार्फत तपासून अहवाल सादर करावा. दोन रिकाम्या जागा भराव्यात, असे बाईंनी आपल्या जबाबात लिहिले होते. पण त्या वाक्यात टेन्शन हा शब्द कुठेच नसल्याने ते विषयाला सोडून आहे असे ठरले.

तज्ज्ञ शोधण्याची जबाबदारी माझ्यावर आली. बाजारामागच्या गल्लीत मला एक पाटी दिसली: ‘टेन्शन सेट करून मिळेल. काम खात्रीशीर.’ पाटीचा वरचा अर्धा भाग शेजारच्या दुकानाच्या कापडी छपरामागे गेला होता. कार्यालयीन माणसाने दिसेल तेवढेच वाचावे, या नियमाने मी रीतसर पत्र दिले.

ठरल्या दिवशी तज्ज्ञ आले. साठीचे, बुटके, हातात पत्र्याची पेटी. पेटीत स्क्रू-ड्रायव्हर आणि तेलाची डबी. सत्तावीस कर्मचारी वह्या उघडून हॉलमध्ये बसले होते. बाई मात्र कोपऱ्यात दाखले लिहीत होत्या, कारण खिडकीवर रांग होती.

तज्ज्ञांनी इकडेतिकडे पाहिले. “मशिनी कुठं आहेत?”

“या काय समोर,” साहेब हसून म्हणाले. “माणूस म्हणजे तरी काय, मशीनच.”

सत्तावीस जणांनी हे लिहून घेतले. आलेले तज्ज्ञ शिलाई मशीन दुरुस्त करणारे आहेत, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले. (पण पत्रावर जावक क्रमांक पडून गेला होता.) काहीतरी घोटाळा आहे, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. पण माणूस भिडस्त. इतके लोक वह्या उघडून बसलेत म्हटल्यावर बोलू लागला.

“टेन्शन म्हणजे धाग्याचा ताण. दोन चकत्यांमधून धागा जातो. स्क्रू जास्त आवळला तर तो तुटतो. ढिला ठेवला तर खाली गुंता होतो. थोडं टेन्शन लागतंच, नाहीतर टाका बसत नाही.”

“वा,” साहेब म्हणाले. “आणि धागा सारखा तुटत असेल तर?”

“तर आधी कापड बघायचं. घरगुती मशीनवर कुणी ताडपत्री शिवायला घेतली, तर स्क्रू पिळून काय होणार?”

बोलता बोलता ते बाईंच्या टेबलाशी पोचले होते. “ताई, हे सगळं तुमचं?”

“हे माझं,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “शेजारचं रिकामं आहे, तेही माझं. खिडकीजवळचंही.”

“किती दिवस?”

“तीन वर्षं होतील.”

कारागिराने पेटी बंद केली. “साहेब, यांना टेन्शन नाही. यांच्यावर ताडपत्री आहे.”

बाईंचे पेन थांबले. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि पुन्हा लावला. मलाही वाईट वाटले, पण त्यासाठी रकाना नसल्याने नोंद घेता आली नाही.

अहवाल मी लिहिला: ‘तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासणी केली असता संबंधित कर्मचाऱ्यास टेन्शन नसल्याचे आढळून आले.’ यातला एकही शब्द खोटा नाही. (ताडपत्रीचा उल्लेख गाळला, कारण तो विषय भांडार विभागाचा.) टाइप करायला तो बाईंकडेच गेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“हे असंच जाऊ द्यायचं?” त्यांनी मला विचारले.

“बाई,” मी म्हणालो, “टेन्शन घेऊ नका.”

वरिष्ठ कार्यालयाने समाधान व्यक्त केले. ज्याअर्थी एका व्यक्तीस तीन टेबलांचे काम करूनही टेन्शन नाही, त्याअर्थी उरलेल्या दोन जागांची गरज नाही. त्या रद्द झाल्या. बाईंनी वर खेटे घालून आधी त्या गृहस्थांना जिवंत करून घेतले, आईचा दाखला त्यांच्या हाती दिला आणि त्याच दुपारी साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. ज्या कामात टेन्शन नाही ते कोणीही करू शकतो, असा शेरा मारून साहेबांनी तिन्ही टेबले माझ्याकडे दिली.

हा मजकूर मी जेवणाच्या सुट्टीत, पाठकोऱ्या अर्जांवर, तुकड्यातुकड्याने लिहिला आहे. चूकभूल सांभाळून घ्यावी. तुमचे मात्र बरे आहे. हे सगळे शेवटपर्यंत निवांत वाचायला तुम्हाला सवड मिळाली, याचा अर्थ तुमचे टेबल या घटकेला कोणीतरी सांभाळत असणार. (घरी असाल तर ओटा.) तिथून उठताना तुम्ही त्या माणसाला काय म्हणून आलात, तेवढे आठवून बघा.