फीचर हाये ते!

आमच्या शेजारच्या दिनूभाऊंना तुम्ही रस्त्यात पहिल्यांदा पाहिलंत, तर तुम्हाला वाटेल हा माणूस थर्मामीटर झटकून राहिला आहे. हात पुढे, मनगटाला एक झटका, मग मान तिरपी करून काहीतरी ऐकायचं, नाही पटलं की पुन्हा झटका. कॉलनीत नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी तर मला फाटकाशी थांबवून हळूच विचारलं, "त्यांचं बरं असतं ना हो?" मी म्हटलं, "बरं असतं. गाणं बदलून राहिले ते."

आता हे समजायचं तर आधी त्यांचा मोबाईल समजला पाहिजे. तो सरकवायचा मोबाईल आहे. अंगठ्याने वरचा पडदा ढकलला की खालून आकड्यांची बटणं बाहेर येतात, आणि येताना 'खट्ट' असा आवाज होतो. खट्ट उघडलं की हॅलो, खट्ट मिटलं की फोन बंद. भांडणात ही सोय फार कामाची. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो तिकडून "बाबा, आता तरी तो डबडा फेका..." एवढं म्हणतो न म्हणतो, की इकडे खट्ट! मुलाने आणून दिलेला मोठा, चकचकीत मोबाईल नलूकडे आहे. नलू म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण. ती त्यावर लोणची बघते.

पण फोन करणं हे त्या मोबाईलचं जोडकाम. तो मुळात गाण्यांसाठीच जन्माला आलेला. बाजूला गाण्याचं वेगळं बटण, खाली छोटासा पण खणखणीत स्पीकर, आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे ते बटण दाबून धरायचं आणि मनगट झटकायचं, की पुढचं गाणं. उलटा झटका दिला की मागचं. खूप जोरात हलवलं तर पत्ते पिसावेत तशी सगळीच गाणी पिसली जातात. पुढे कधीतरी ते बटण आत जाऊन बसलं, ते बसलंच. तेव्हापासून नुसता धक्का लागला तरी गाणं पळतं.

"भाऊ, दुरुस्त करून घ्या ना," मी म्हटलं होतं.

"काहून? बिघाड नाही वहिनी, फीचर हाये ते! बटण दाबाची मेहनत वाचली."

हे त्यांचं ठरलेलं. मोबाईलचं मागचं झाकण सैल झालं, त्यावर रबर लावला, तर पकड चांगली येते, फीचर. रेडिओ इअरफोनची वायर लावल्याशिवाय लागत नाही, कारण ती वायरच त्याचा अँटेना, तर भाऊ ती वायर खिडकीच्या गजाला अडकवून बसायचे. एकदा त्या वायरवर साळुंकी येऊन बसली आणि स्टेशन एकदम साफ लागलं. दुसऱ्या दिवसापासून खिडकीत साळुंकीसाठी ज्वारीचे दाणे! माझ्या आमटीत मीठ जास्त पडलं, फीचर. आमच्या ह्यांचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जातं, फीचर, चोर येत नाहीत. नलूचे गुडघे उठताना कडकड वाजायचे तेव्हा म्हणाले, "चांगलं हाये ना. तू येऊन राहिली हे आधीच समजते." नलूने लाटणं दाखवलं, मग गप्प बसले.

हिंगण्याच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली त्यांची. स्कूटरवर जायचे, मोबाईल शर्टाच्या खिशात, गाणं सुरू. खड्डा आला की गाणं बदलायचं. त्यामुळे नागपूरचे रस्ते हा माणूस गाण्यांनी मोजतो. "त्या चौकापुढं जाऊच नका वहिनी, मुखडाबी पूर्ण नाही होत. इकडून सिमेंट रोडनं जा. दोन अंतरे आरामात!" गाण्यांचं कार्ड सीताबर्डीच्या एका दुकानात भरून घेतलेलं. त्यात अभंग, जुनी हिंदी गाणी, आणि दुकानदाराने वरून फुकट घातलेली एका बँडची वरात. अभंगानंतर खड्डा आला की थेट नवरदेव घोड्यावर.

असा सगळा मजेचा माणूस. म्हणून या वर्षी थंडी सरता सरता ते जेव्हा आमच्या दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, मोबाईल बिघडला माहा," तेव्हा मला धसकाच बसला. तुम्ही म्हणाल, मोबाईल बिघडला तर त्यात धसका घेण्यासारखं काय? मी जरा काळजीखोर बाई आहे, हे कबूल. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. पण तुम्हीच सांगा. ज्या माणसाने आजवर कशालाच बिघाड म्हटलं नाही, तो आपणहून बिघाड म्हणतो, तर काळजी नाही का वाटणार?

"काय झालं त्याला?"

"गाणं टिकून नाही राहिलं. बसल्या बसल्या बदलते."

"मग फीचर असेल," मी हसत म्हटलं.

भाऊ हसले नाहीत. "नाही, बिघडलाच," म्हणाले, आणि हात खिशात घालून निघून गेले.

मग मलाही भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं. नलूच्या आवडीचं एक संथ, जुनं गाणं आहे. ते सुरू व्हायचं, जरा रंगात यायचं, की धाडकन वरात. आतून नलूचा आवाज, "अहो, अंतरा तं येऊ द्या!" पुन्हा गाणं, पुन्हा वरात. भाऊ ओरडायचे, "मी काय करू? मशीन गेली आता!"

इथे नलूबद्दल थोडं सांगते, म्हणजे माझी धास्ती कळेल. तिचा एक गुडघा पार झिजलाय. डॉक्टर म्हणतात, बदला. ती सणांच्या आड लपते. संक्रांत होऊ द्या, होळी होऊ द्या. या वेळी भाऊंनी कसंबसं तिला तयार केलं, पुढच्या महिन्यातली तारीख घेतली. तरी रोज तिचं सुरू, "पुढं ढकला ना हो, उन्हाळा लागून राहिला." आणि दुसरं म्हणजे तिचे वडील. त्यांना कंपवात होता. खाप्याच्या माहेरून तिने त्यांना इकडेच आणलं आणि शेवटपर्यंत तिनेच केलं. नलू अर्धाच भरून द्यायची, तरी त्यांच्या हातातला स्टीलचा पेला दातांवर वाजायचा, तो आवाज मी भिंतीतून ऐकलेला आहे. ते गेल्यावर नलू एकदाच बोलली, "सुधा, देव मले काही बी दाखवो, हे पुन्हा नको दाखवो वं." आजही वाटीवर चमचा किणकिणला तरी ती चटकन मान वळवते.

तर एके सकाळी तिनेच मला बोलावलं. दिवाणावर पाय लांब करून बसली होती. "सुधा, हे बर्डीवर चालले मोबाईल घेऊन. तू जाशीन का त्यांच्यासंग?"

"मी कशाला? मला मोबाईलमधलं काय कळतं?"

"तरी जा वं. एकटे नको," ती म्हणाली. मला वाटलं, तिलाही माझ्यासारखी उगाच काळजीची सवय लागली.

आम्ही मेट्रोने निघालो. डबा अर्धा रिकामा होता. भाऊंनी मोबाईल हातात धरला, आवाज बारीक करून गाणं लावलं. आता मेट्रो म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, पेला भरून ठेवला तर थेंब सांडायचा नाही. ना खड्डा, ना गतिरोधक. आणि तरी गाणं बदललं. पुन्हा बदललं. मी मोबाईलकडे पाहिलं. मग मोबाईल धरलेल्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट, बिडी वळावी तसं एकमेकांवर चाललं होतं. बारीक, सारखं.

भाऊंनी झटकन दुसरा हात त्यावर ठेवला. "मेट्रोचंबी कामच असं," म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

मी समोरच्या खिडकीकडे मान वळवली.

बर्डीच्या दुकानात तो माणूस भाऊंना पाहूनच वैतागला. "अंकल, फिर आ गये? पिछले हफ्ते भी बोला था, मोबाइल में कुछ नहीं है." म्हणजे हे आधीही येऊन गेले होते! त्याने गाणं लावून मोबाईल काचेवर ठेवला. गाणं सरळ चालत राहिलं. मग माझ्या हातात दिला, "आंटी, आप पकड़ो." मी धरला. मुखडा झाला, अंतरा झाला, दुसरा अंतरा झाला. मी देवाला म्हणत होते, एकदा बदलू दे रे बाबा, एकदाच. माझ्या हातात नाही बदललं.

"देखा? कुछ नहीं है," तो म्हणाला.

"बटन तो अंदर गया है ना," भाऊ म्हणाले.

"वो तो कब से अंदर है. निकाल दूँ?"

"नहीं, रहने दो," भाऊ घाईने म्हणाले. मोबाईल घेतला, मिटला, पण खट्ट आवाज नीट आलाच नाही, अर्ध्यातच अडकला. दुसऱ्यांदा मिटावा लागला.

बाहेर कपड्यांच्या ढिगांमधून, हाकांमधून आम्ही चालत राहिलो. एका बंद दुकानाच्या पायरीवर भाऊ बसले. मीही बसले.

"तुमच्या हातात पूर्ण वाजलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले माहीत होतं. तरी वाटलं, एखाद वेळ..." त्यांनी अंगठा मुठीत मिटला. "सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. अंगठ्यापासूनच."

"भाऊ, आत्ता डॉक्टरकडे चला. आजकाल औषधं आहेत. आणि ते नसेलही. दुसरं काही असेल."

"जातो ना. नाही कोण म्हणते? नलूचा गुडघा होऊ द्या. घरात औषध आणलं तं तिले दिसन, कागद आणला तं दिसन. तिच्यापासून घरात काही लपते काय? अन् तिले समजलं तं ती ऑपरेशन करूनच नाही घेत. म्हणन, आता तुमच्याकडं कोण पाहीन? जन्मभर बसून राहीन वहिनी ती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही फक्त मोबाईल बिघडला म्हणा. पार्ट नाही मिळत म्हणा."

इतकी वर्षं त्या मोबाईलचा एकही दोष कबूल न करणारा माणूस. बायकोसाठी त्याने त्याच मोबाईलवर सगळा आळ घातला होता. मला रागही आला, रडूही आलं. शेवटी म्हटलं, "म्हणते. पण ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. नाहीतर मी स्वतः नलूला सांगेन."

"मंजूर," ते म्हणाले.

परत येताना सगळ्या रस्त्याने मी मनात खोटं घोकत आले. मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. नलू दारातल्या खुर्चीवर बसली होती. "काय म्हणे दुकानदार?"

"पार्ट मिळत नाही गं आता," मी म्हटलं. "जुनं मॉडेल आहे ना." माझे कान तापले. मी पदर डोक्यावर घेतला, ऊन लागल्यासारखा.

"मंग राहू द्या," नलू म्हणाली. इतकंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. "सुधा, चहा टाकतेस वं? मले उठवत नाही."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा टाकला. आत नेहमीचे तीन कप ठेवले, गाळायला घेतला. तेवढ्यात बाहेरून नलूचा आवाज आला, अगदी साखर किती ते सांगावं तसा.

"त्यांचा कप अर्धाच भर."

माझा हात तसाच थांबला. गाळणीतून चहा ठिबकत राहिला.

भाऊ बाहेर कुरकुरले, "अर्धा काहून? गरिबी आली काय?"

"गरम गरम दोनदा घ्या ना. कोण नाही म्हणते?" नलू म्हणाली. मग तिने हात पुढे केला. "अन् तो मोबाईल द्या इकडं, माहा आत राह्यला. डॉक्टरले फोन लावते. अलीकडची तारीख असंन तं पाह्यते."

"अलीकडची? अवं, सकाळपर्यंत तं पुढं ढकला म्हणत होती!"

"सकाळी म्हणत होती. आता नाही म्हणत. मले लवकर पायावर उभं राह्यचं हाये."

तिने मोबाईल घेतला, खट्ट उघडला आणि नंबर दाबायला लागली. मी चहा ठेवून निघाले. तिथे थांबले असते तर माझं तोंडच सगळं बोललं असतं.

भाऊ फाटकापर्यंत आले. मागे वळून नलू फोनवर बोलतेय याची खात्री केली. तोंडावर असा आनंद, की कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"पाहिलं वहिनी?" ते कुजबुजले. "पार्ट मिळत नाही म्हटल्याबरोबर कशी गप्प बसली! काही समजलं नाही तिले."

मी म्हटलं, "हो ना. काहीच नाही."